पर्णीचा उजवा हात

माझ्या बहिणीच्या हाताने मला पहिली थप्पड मारली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

थप्पड सणसणीत होती. मी तिच्या ताटातला पापड उचलत होतो, म्हणजे चूक माझीच. पण पर्णी अकरा वर्षांची आहे आणि काही दिवसांपूर्वीपर्यंत तिचा उजवा हात कधी खांद्याच्या वर गेला नव्हता. त्यामुळे आईने टाळ्या वाजवल्या, खानावळीत जेवणाऱ्या मेडिकलच्या पोरांनी आमटीचे हात तसेच ठेवून वाजवल्या, आणि गालावर बोटं उमटलेली असताना मीही वाजवल्या.

"मी... नाही... मारलं," पर्णी म्हणाली.

पर्णीला एकेक शब्द लांबून ओढून आणावा लागतो. पण ती ओढून आणते तो नेमका असतो. आम्हाला वाटलं, खोटं बोलतेय. चारचौघांच्या पोरांसारखं मारून वर नाही म्हणतेय! आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघितलंस? थापा पण मारायला लागली," ती मला म्हणाली.

माझं नाव शौर्य. ठेवताना मला कोणी विचारलं नव्हतं. मी पालीला घाबरतो. आम्ही मिरजेत राहतो. इथे दर दुसऱ्या घरावर दवाखान्याची पाटी असते आणि उरलेल्या घरांत त्या दवाखान्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी. त्यातली एक आईची. बाबा द्राक्षांच्या गाडीवर ड्रायव्हर, त्यामुळे ते बहुतेक वेळा फोनमध्येच राहतात. सन २०३९ आहे, चंद्रावर म्हणे भाजीपाला पिकतोय, पण ज्वारीची भाकरी अजून हातानेच थापावी लागते. मशीनच्या भाकरीला पोरं हात लावत नाहीत. आईच्या हाताची चव लागते म्हणतात. हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुढे आमच्या अंगावर आलं.

आता पर्णीच्या हातावरच्या बाहीबद्दल.

पर्णी जन्मली तेव्हा तिच्या मेंदूला थोडा वेळ प्राणवायू कमी पडला. मेंदूचा विचार करणारा भाग शाबूत राहिला. माझ्यापेक्षा जरा जास्तच शाबूत. बिघडला तो निरोप पाठवणारा भाग. पर्णीचा मेंदू म्हणतो, पेला उचल. तो निरोप वाटेत विस्कटतो. दंडाला एक ऐकू येतं, मनगटाला दुसरंच, आणि सगळे स्नायू एकाच वेळी ओढाताण सुरू करतात. घरी लग्नाची पत्रिका ठरवताना होतं तसं.

पण निरोप विस्कटला तरी दर वेळी साधारण एकाच तऱ्हेने विस्कटतो. बाही बनवणाऱ्यांनी नेमकं हे हेरलं. बोटांपासून खांद्यापर्यंतचं राखाडी कापड. आतल्या तारा कातडीवरूनच स्नायूंमधली बारीकशी वीज टिपतात. बाही त्या गोंधळाचा अर्थ लावायला शिकते आणि मग कापडातले दुसरे धागे, वीज दिली की आखडणारे, हात हवा तसा हलवतात. मनगटावर मसुराच्या दाण्याएवढा कॅमेरा असतो. समोर पेला आहे की कंगवा हे दिसलं की बाहीला अंदाज बांधणं सोपं जातं.

फक्त तिला आधी शिकवावं लागतं. पडद्यावर चित्र येतं, पेला तोंडाशी नेणारा हात. पर्णीने तसं करायचा प्रयत्न करायचा. जमेल, न जमेल. बाही बघत राहते: या पोरीला पेला हवा असतो तेव्हा हिच्या स्नायूंमध्ये असा असा गोंधळ होतो. झालं शिक्षण.

"म्हणून पहिला महिना तिच्या हाताला कोणीही हात लावायचा नाही," बाही देणाऱ्या केंद्रातल्या शिकलगार मॅडमनी सांगितलं होतं. थेरपी देणाऱ्या बाई इतक्या कडक असू शकतात हे मला तेव्हा कळलं. "मदत नाही, आधार नाही, काही नाही. ताई, कळलं?"

"हो मॅडम," आई म्हणाली होती.

पहिला महिना हात मेल्यासारखा पडून होता. मग अचानक काय झालं कोण जाणे, तो पेला उचलायला लागला, केस विंचरायला लागला, स्वतःचं नाव लिहायला लागला. अक्षर तर असं वळणदार, की माझं सगळं शिक्षण वाया गेल्यासारखं वाटलं. आणि त्याने मला थप्पड मारली.

शनिवारी परीक्षा होती. पाच कामं: पेला, चमचा, कंगवा, सही आणि चाकाची खुर्ची कळ दाबून चालवणं. पाचपैकी दोन स्वतः केली की बाही पर्णीची. एकदा पास झालं की बाहीचं शिक्षण कुलूपबंद करतात. पुढे तिने भलतंच काही शिकू नये म्हणून. पर्णी वाढून ती बाही तोकडी पडेपर्यंत ते कुलूप उघडत नाही. नापास झालं तर बाही रांगेतल्या पुढच्या मुलाकडे जाते.

पर्णीला बाही कशासाठी हवी होती ते सांगतो. शाळेसाठी. आई पहिलीपासून तिच्याबरोबर वर्गात शेवटच्या बाकावर बसते. वही उघडायला, पाणी पाजायला. म्हणजे आई सध्या दुसऱ्यांदा सहावीत आहे आणि भूगोलात तिसरी येते. वर्गातल्या पोरी पर्णीशी छान बोलतात, पण गुपित कधी सांगत नाहीत. पर्णीला सांगितलेलं दोघींना ऐकू जातं.

पास झाली तर पर्णी एकटी शाळेत जाणार होती.

त्या आठवड्यात मला एकेक गोष्ट खटकायला लागली. पर्णीसमोर तांदळाचं ताट ठेवलं, तर हात खडे वेचायला लागला. टीव्ही बघताना हात खांद्याकडे जाऊन पदर सारखा करायचा. पर्णी फ्रॉक घालते. एकदा माझं नाक पुसलं. मी एकोणीस वर्षांचा आहे.

मंगळवारी मी परातीत पीठ ठेवून पाणी आणायला वळलो आणि मागून आवाज आला. थप थप थप. थप थप थप. पर्णीचा हात खुर्चीच्या ट्रेवर आपटत होता. तळवा सपाट, बोटं किंचित वर, तीन थापा, मग मनगटाने गिरकी. तिथे काहीच नव्हतं. हात हवेतली भाकरी थापत होता. मग बोटं नसलेल्या पाण्यात बुडवून त्याने नसलेल्या भाकरीवर पाणी फिरवलं.

आतून, चुलीपाशी, आईच्या भाकरीचा आवाज येत होता. थप थप थप. तोच ठेका.

थप्पड आठवली. त्या थपडेची ओळख मला तेव्हाच पटायला हवी होती. लहानपणापासून तीच खात आलोय.

"पर्णे," मी हळूच म्हणालो, "हा तुझा हात नाही."

"हो."

"हा आईचा हात आहे."

"हो."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"थप्पड."

"मग सांगितलं का नाहीस?"

पर्णीने माझ्याकडे असं बघितलं की मला परत पहिलीत बसावंसं वाटलं. "सांगितलं... की."

सांगितलंच होतं. मी... नाही... मारलं. आम्ही टाळ्या वाजवत होतो.

"मग आता? मॅडमना सांगायचं?"

हात मधेच तिच्या कपाळावरचे केस मागे सारून गेला. "पुसतील," ती म्हणाली. शिक्षण पुसलं, तर शनिवारी बाही कोरी आणि पर्णी नापास. "नको... सांगू. आईपेक्षा... आईचा हात... लहान आहे. दप्तरात... मावतो."

मी हसलो. मला ते पटलंही. अख्खी आई शेवटच्या बाकावर बसवण्यापेक्षा हातभर आई बाहीत घालून नेलेली काय वाईट? आम्ही गप्प बसायचं ठरवलं.

बुधवारी आई ज्वारी घेऊन गिरणीत गेली. मी पर्णीसमोर दहीभाताची वाटी ठेवली आणि मोबाईल काढला. हात व्यवस्थित भरवत होता. कौतुकानेही आता बघावंसं वाटेना इतका व्यवस्थित.

"बास," पर्णी म्हणाली.

हाताने चमचा भरला.

"बास... झालं."

चमचा तोंडाशी आला. पर्णीने ओठ घट्ट मिटले. हात थांबला. मग चमच्याने तिच्या खालच्या ओठावर हलकेच दोन टिचक्या मारल्या. आई मारते तशा.

मी मोबाईल ठेवला.

"दा—" पर्णीने मला हाक मारायला तोंड उघडलं आणि चमचा आत गेला.

पर्णीचं गिळणं जपून चालतं. घाई झाली की घास भलतीकडे जातो. ती खोकली. चेहरा लाल झाला. हात पुढचा चमचा भरत होता. मी मनगट धरलं, तर त्याने मला एका झटक्यात बाजूला सारलं. स्वयंपाकघरात लुडबूड केली की सारतात, तसं. बंद करायची कळ खांद्याच्या पट्ट्याखाली असते. मी तिकडे हात घातला, थप्पड. परत घातला, परत थप्पड. पर्णीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते आणि चमचा पुन्हा तिच्या ओठांवर टिचक्या मारत होता. अजून एक, एवढाच.

आई भरवायची थांबते कधी? पोट भरल्यावर नाही. आजवर कधीच नाही. वाटी संपल्यावर थांबते.

मी वाटी उचलली आणि दारातून रस्त्यावर भिरकावली.

हात थांबला. चमचा खाली ठेवला. मी पर्णीला पुढे वाकवून पाठीत जोरजोरात थोपटलं. घास बाहेर पडला, लांब शिट्टीसारखा आवाज होऊन श्वास आत गेला. मी तिथेच फरशीवर बसलो. माझे पाय माझं ऐकत नव्हते. मला त्या क्षणी पर्णी जरा समजली.

आणि हात? हाताने पर्णीचं तोंड पुसलं. मग तिची छाती चोळायला लागला. हलकेच, गोल गोल, मायेने.

आई दारात उभी होती. पायाशी वाटी, काखेत पिठाचा डबा. ती त्या हाताकडे बघत होती. आपलाच फोटो अनोळखी माणसाच्या घरात लावलेला दिसावा, तसं.

"ती रडायची रे," पिठाचा डबा खाली ठेवत ती म्हणाली. "चित्र यायचं, हिचा हात हलायचा नाही. परत तेच चित्र. परत रड. मी नुसता आधार दिला."

"किती वेळा?"

"दर वेळी." मग ती चिडली. "तुला पाटीवर काय वेगळं शिकवलं? हात धरूनच गिरवून घेतलं की! तू नाही शिकलास?"

शिकलो. माझा 'अ' अजूनही हुबेहूब आईच्या 'अ'सारखा येतो. आपल्याकडे सगळ्यांनाच असं शिकवतात. फक्त माझ्या मनगटाला स्मरणशक्ती विकत आणून लावलेली नव्हती. पर्णीचा हात उचलला जायचा तो आईच्या जोराने, आणि बाहीने लिहून घेतलं, हिला असा हात हवाय. पर्णीच्या स्वतःच्या धडपडीला बाहीने कचरा समजून बाजूला टाकलं होतं. आता समोर वाटी दिसली, की ती पर्णीला विचारतसुद्धा नव्हती.

"आणि माझा हात एवढा वाईट आहे का गं?" आईने पर्णीला विचारलं.

"चांगला... आहे," पर्णी म्हणाली. "माझा... नाही."

पुढचे दोन दिवस बाही काढून खुंटीला टांगली होती. भाकऱ्या जाड झाल्या. पोरांनी तक्रार केली नाही, एवढी घरात शांतता.

शनिवारी केंद्राच्या व्हरांड्यात आमचा नंबर यायची वाट बघत बसलो होतो. पर्णीच्या हातावर बाही चढवलेली. ट्रेवर बाहीची डबी आणि डबीवर पिवळं बटण: दाबून धरलं, की सगळं शिक्षण पुसलं जातं.

"ऐक माझं," आई पुटपुटली. "आज पास हो. भरवायच्या वेळी शौर्य बाही काढून ठेवेल. शाळेत कुठे दहीभात असतो?"

"डबा असतो," मी म्हणालो.

"तू गप."

पर्णी पिवळ्या बटणाकडे बघत होती. डावा हात तिच्या कुशीत मुठीसारखा मिटलेला असतो, त्याचा उपयोग नाही. तिने उजवा उचलायला सुरुवात केली. मला दिसत होतं. मान ताठ, दात आवळलेले. हात बटणाकडे निघाला. अर्ध्यात पोहोचला आणि वळून ट्रेवरचा कण उचलून बाजूला टाकला. ती पुन्हा जोर करायला लागली. हाताने तिच्या फ्रॉकची कॉलर सरळ केली. पुन्हा. हाताने तिच्या कपाळावरचा घाम टिपला.

तो घाम कशाने आलाय, हे त्या हाताला माहीत नव्हतं.

"आई," पर्णी म्हणाली. "तू... दाब."

"अगं, नापास होशील. बाही जाईल."

"जाईल."

"मग सगळं परत पहिल्यासारखं. मी वर्गात, तू—"

"दाब."

आईने माझ्याकडे बघितलं. मला बोलायला हवं होतं. पण दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं असलं की मी पाण्याच्या कूलरकडे बघतो. मी कूलरकडे बघितलं.

"पर्णिका खोत," आतून शिकलगार मॅडमची हाक आली.

पर्णीच्या हाताने पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारखा केला, आता उठायचं म्हणून. अगदी त्याच क्षणी शेजारी आईचा हात स्वतःच्या खांद्यावर गेला होता आणि तेच करत होता. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

आईने बटण दाबलं. दाबून धरलं. डबीने लांब शिट्टी दिली आणि पर्णीचा हात ट्रेवर ओल्या टॉवेलसारखा पडला.

मॅडम दारात आल्या होत्या. "ताई! हे काय केलंत?"

आत जाऊन आईने सांगितलं. सगळं. मॅडमनी कपाळाला हात लावला. तो त्यांचाच हात होता, हे मी का नोंदवतोय मला माहीत नाही.

"मी जे दिसेल तेच लिहिणार," त्या म्हणाल्या. "रांगेत दोन मुलं आहेत. दया दाखवली तर ती त्यांच्या वाट्यातून काढलेली असते." मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि टेबलावरचा डबा पुढे ओढला. "माझी जेवायची सुट्टी आहे. मी सावकाश जेवते. तेवढ्यात काय शिकवायचं ते शिकवा तिच्या बाहीला. आणि ताई, हात—"

"नाही लावत."

आई बाकावर बसली. क्षणभर उठली, दोन्ही तळहात बाकावर ठेवले आणि त्यांच्यावर बसली.

पडद्यावर चित्र आलं. पेला. पर्णीचा हात थरथरला आणि उलट्या दिशेने गेला. चित्र परत. हात पेल्याला लागला, पेला आडवा, पाणी मॅडमच्या दुधीच्या भाजीत. मॅडमनी नुसता डबा सरकवला. चित्र परत. पर्णी रडायला लागली. रडू गालावरून हनुवटीवर आलं आणि तिथे थांबलं, पुसणारं कोणी नव्हतं. बाकावर आईचं अख्खं अंग पुढे झुकलं. दोन्ही खांदे उचलले गेले. पण हात खालीच.

चित्र परत. चित्र परत. पेल्यानंतर खुर्चीची कळ, मग पुन्हा पेला. मॅडमनी एवढा सावकाश खाल्लेला दुधी जगात दुसरा नसेल.

मग डबा बंद झाला. "चला," त्या म्हणाल्या.

पेला. हात निघाला, भलतीकडे गेला, परत आला. बोटं पेल्याभोवती एकेक करून आली. पेला उठला, कलला, हनुवटीला लागला, तिथून वर सरकला. बहुतेक पाणी गळ्यावरून फ्रॉकमध्ये गेलं.

"तोंडात गेलं का?" मॅडमनी विचारलं.

पर्णीने गिळलं आणि जीभ बाहेर काढून दाखवली.

"एक," मॅडम म्हणाल्या.

चमचा भिंतीवरच्या कॅलेंडरला लागला. कंगवा खाली पडला. सहीच्या जागी एक वाकडी रेघ आणि कागदाला भोक.

"या इमारतीतल्या सगळ्या डॉक्टरांची सही अशीच आहे," मी म्हणालो.

"नाही धरता येत," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. मीही गंमत म्हणून म्हणालो नव्हतो.

राहिली खुर्ची. पर्णीला केंद्राच्या खुर्चीत बसवलं. एकटीने दारातून बाहेर जायचं, व्हरांड्याच्या टोकाचा कूलर गाठायचा, परत यायचं. "कोणी उठायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

हात कळीवर पडला. खुर्ची एकदम सुटली आणि कपाटावर आपटली. मागे आली. दाराच्या चौकटीला अडकली. चाक फिरत होतं, खुर्ची हलत नव्हती. कोणीही एका बोटाने ढकलली असती. आईच्या मानेवरची शीर मला इथून दिसत होती. पर्णीचा हात कळीवरून घसरला, हवेत लटकला, शोधत शोधत परत आला. खुर्ची मागे. थोडी वाकडी. पुढे. चौकटीचा रंग खरवडत ती बाहेर गेली आणि दिसेनाशी झाली.

बाहेर धप्पकन आवाज झाला. मग काहीच नाही.

मॅडमचं पेन कागदावर थांबलेलं. आई भिंतीकडे बघत होती. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. काहीच नाही. अजून काहीच नाही. मी मनातल्या मनात कूलरला नवस बोललो.

मग लांबून, माशी घोंगावल्यासारखा, मोटरचा आवाज आला.

ती आत आली. फ्रॉक ओला, केस डोळ्यांवर, आणि खुर्चीच्या पायदानात अडकून आलेली कूलरशेजारची कचऱ्याची टोपली.

मॅडमनी लिहिलं. "दोन," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

"दादा," पर्णीने हाक मारली. "जवळ... ये."

मी गेलो. वाकलो. तिचा हात उठला. थरथरत, भलतीकडे वळत, परत येत, खूप वेळ लावून. मला सहज बाजूला होता आलं असतं. तो माझ्या कानाला निसटता लागला आणि खाली पडला.

"मी... मारलं," पर्णी म्हणाली.

या वेळी टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मॅडमच्या हातात चष्मा होता. आई अजून आपल्या हातांवर बसली होती.